बाहेर राहूनही ते सरकारचीच री का ओढतात?

"तुझ्या ऑफिसात एवढे चिनी आहेत. इथे त्यांना सगळं वाचायला मिळतं. मग तिबेटचा, शिनजियांगचा विषय निघाला की ते त्यांच्या सरकारचीच री का ओढतात?"

मी पुण्याला आले की हा प्रश्न हमखास येतो, आणि म्युनिकमध्ये गणपतीच्या पंगतीतही. विचारणाऱ्याकडे उत्तर बहुधा तयारच असतं: एक तर ते घाबरतात, नाहीतर लहानपणापासून त्यांच्या डोक्यात तेच भरवलेलं असतं. दोन्हींत तथ्य आहे, पण तेवढ्याने भागत नाही. माझं उत्तर लांबतं आणि पंगतीत वरणभात निवतो, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सुरुवात २००८ पासून करावी लागते. माझी ज्यांच्याशी ऊठबस आहे ते आता चाळिशीच्या आसपासचे. त्या वर्षी ते युरोपात विद्यार्थी होते. मार्चच्या १० तारखेला, १९५९च्या उठावाच्या स्मृतिदिनी, ड्रेपुंग मठातले भिक्षू ल्हासाकडे निघाले आणि पोलिसांनी त्यांना अडवलं. १४ तारखेला शहर पेटलं. चीनमधल्या बहुसंख्य हान लोकांची आणि हुई मुसलमानांची दुकानं फोडली गेली, जाळली गेली. कपड्यांच्या एका दुकानात पाच तरुण मुली जळून मेल्या. चौघी हान, एक तिबेटी. सरकारने मृतांचा आकडा १८ नागरिक आणि एक पोलीस असा दिला. निर्वासित तिबेटी सरकारने पुढे दोनशेहून जास्त मृत्यू सांगितले, तेही बहुतेक नंतरच्या दडपशाहीतले.

त्या दिवशी अधिकृत परवानगी घेऊन ल्हासात असलेला परदेशी पत्रकार एकच होता, 'द इकॉनॉमिस्ट'चे जेम्स माइल्स. हल्ले वंश बघून होत होते, हे त्यांनी जसं पाहिलं तसं सांगितलं. बाकीच्या जगाला मात्र चित्रं हवी होती आणि ल्हासातून ती येत नव्हती. मग काठमांडूत तिबेटी निदर्शकांना झोडपणाऱ्या नेपाळी पोलिसांची छायाचित्रं चीनमधली म्हणून दाखवली गेली. आरटीएल या जर्मन वाहिनीला ही चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. सीएनएनच्या संकेतस्थळावर लष्करी ट्रकांचा एक फोटो होता. त्या ट्रकांवर दगड मारणारे लोक कापलेल्या भागात राहिले. एप्रिलमध्ये त्याच वाहिनीच्या एका भाष्यकाराने चीनबद्दल बोलताना 'गुंड' असा शब्द वापरला आणि वाहिनीला माफीनामा काढावा लागला. दरम्यान पॅरिसमध्ये ऑलिंपिकची मशाल घेऊन चाकांच्या खुर्चीतून चाललेल्या चिन चिंग या तलवारबाज मुलीच्या हातून एका निदर्शकाने ती हिसकावण्याचा प्रयत्न केला. ते दृश्य चीनमध्ये घराघरांत पाहिलं गेलं.

माझा एक सहकारी चेंगदूचा आहे. तो तेव्हा जर्मनीत शिकत होता आणि १९ एप्रिलला बर्लिनच्या मोर्चात गेला होता. त्याला कुणी बसमध्ये कोंबून नेलं नव्हतं. घरी असताना त्याच्या वडिलांना सरकारी वाहिनीवरच्या बातम्या लागायच्या आणि हा शेजारी बसून हसायचा. त्याच्या पिढीतल्या हुशार पोरांचा समज असा होता की आपल्याकडे खोटं सांगतात आणि खरं बाहेर छापून येतं. ती पोरं बाहेर आली, आणि आपल्या देशाबद्दलची पहिली मोठी बातमी वाचली तर फोटो दुसऱ्याच देशाचा. छिंगह्वा विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला राव चिन याने तेव्हा अशा चुका गोळा करणारं 'अँटी-सीएनएन' नावाचं संकेतस्थळ काढलं. 'माणसाने इतकंही सीएनएन होऊ नये' हे वाक्य तर म्हणीसारखं झालं. तुम्हाला त्यांचं बोलणं आंधळ्या भक्तांसारखं वाटतं. मला त्यात विश्वासघात झालेल्या माणसाचा सूर ऐकू येतो, आणि तो जास्त चिवट असतो.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. चेंगदूत वाढलेल्या हान मुलाला तिबेटी किंवा उइगुर (शिनजियांगमधला मुसलमान समाज) माणूस ठाऊक असतो तो कसा? पाठ्यपुस्तकातल्या ५६ समाजांच्या रंगीत पोशाखांत. नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात नाचताना. रस्त्याच्या कोपऱ्यावर मटणाच्या सळया भाजताना. आणि कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत वरचे गुण मिळवताना, कारण अल्पसंख्याकांना तशी सवलत होती. एक मूल धोरणही त्यांना सैल होतं. "त्यांना आम्ही रस्ते दिले, २००६ला ल्हासापर्यंत रेल्वे नेली, परीक्षेत गुण दिले, आणखी काय हवं?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मीच पुरं करू शकते. आरक्षणावरच्या घरगुती गप्पा ऐकत मोठं झालेल्या मराठी माणसाला हा सूर परका वाटणार नाही. या 'आम्ही दिलं'मध्ये त्यांनी काय मागितलं होतं हा प्रश्नच येत नाही. चीनमध्ये दहातले नऊ लोक हान आहेत. तो प्रश्न न पडताही आयुष्य छान निघून जातं.

म्हणून शिनजियांगची राजधानी उरुमची इथली २००९ची दंगल माझ्या सहकाऱ्याला अर्धी आठवते. ग्वांगडाँगमधल्या शाओक्वान इथल्या एका खेळण्यांच्या कारखान्यात जूनच्या अखेरीस दोन उइगुर कामगार मारले गेले. त्याचा जाब विचारायला ५ जुलैला उरुमचीत निघालेल्या मोर्चाची दंगल झाली. सरकारी हिशेबाने १९७ मेले, त्यांत बहुसंख्य हान. दोन दिवसांनी हान जमाव काठ्या घेऊन रस्त्यावर उतरला. ल्हासावरून शहाणं होऊन या वेळी सरकारने परदेशी पत्रकारांना येऊ दिलं. ७ तारखेला त्यांचा सरकारी दौरा चालू असताना उइगुर बायका थेट त्यांच्यासमोर आल्या आणि आमचे नवरे, आमची मुलं कुठे नेली म्हणून आक्रोश करू लागल्या. ह्यूमन राइट्स वॉचने नंतर अशा बेपत्ता झालेल्या ४३ पुरुषांची आणि मुलांची नोंद केली. शिनजियांगमधलं इंटरनेट जवळपास दहा महिने बंद होतं.

माझ्या सहकाऱ्याला यातलं तोंडपाठ काय आहे? निर्वासित उइगुर नेत्या रेबिया कादिर यांनी अल जझीरावर उरुमचीचा म्हणून दाखवलेला फोटो खरं तर हूपेइ प्रांतातल्या शीशोउ गावचा होता, हे. ते खरंच आहे. त्या बायकाही खऱ्या होत्या, पण त्या त्याने पाहिल्याच नव्हत्या. मी दाखवल्या तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही, आणि मग म्हणाला, "पण मेलेल्यांत आमचेच जास्त होते." हेही खरं होतं.

कुनमिंगचं तर मला त्याचंच पटतं. १ मार्च २०१४ला तिथल्या रेल्वे स्टेशनात सुरे घेऊन आलेल्या टोळीने ३१ जणांना मारलं. हे शिनजियांगचे फुटीरतावादी, असं सरकारने सांगितलं. काही बड्या पाश्चात्त्य माध्यमांनी बातमीत 'दहशतवादी' हा शब्द अवतरणात टाकला. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांना भोसकणाऱ्याला काय म्हणायचं याबद्दल एवढी खबरदारी लंडन-पॅरिसच्या वेळी दिसत नाही, असं तो म्हणतो. २६ नोव्हेंबरनंतर आपणही परदेशी वाहिन्यांचे शब्द मोजत बसलो होतो, हे मला आठवतं.

इथपर्यंत मी त्याच्या बरोबर आहे. २०१७नंतरच्या गोष्टीत नाही. तेव्हापासून शिनजियांगमध्ये उभ्या राहिलेल्या छावण्यांबद्दलचा पुरावा वेगळ्याच जातीचा आहे: उपग्रहचित्रं, स्थानिक सरकारांच्या स्वतःच्या निविदा, २०१९ साली बाहेर फुटलेले कम्युनिस्ट पक्षाचे अंतर्गत कागद. ऑगस्ट २०१८मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे चीनने अशा छावण्या असल्याचं नाकारलं. ऑक्टोबरात प्रांतिक कायदा बदलून त्यांनाच 'व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं' म्हणून मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ला दिलेल्या अहवालात हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात असं म्हटलं. यावर माझ्या सहकाऱ्याचं उत्तर काय असायचं? "२००८ साली नेपाळचे पोलीस दाखवले होते ना?" ती जुनी चूक म्हणजे कधीच न संपणारी हुंडी झाली आहे, कुठल्याही बातमीपुढे धरा, वटते.

आणि ती वटवण्यात सरकारचा फायदा उघड आहे. तिबेटमध्ये परदेशी पत्रकाराला आजही खास परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आधी दार लावून घ्यायचं, मग बाहेरच्यांना आतलं नीट दिसत नाही म्हणून ओरडायचं. फेब्रुवारी २०२१मध्ये बीबीसीची जागतिक वाहिनी चीनमध्ये बंद झाली ती अशाच तक्रारीवर.

पण घरचं कुणी नीट सांगणारा होता का? होता. इल्हाम तोहती, बीजिंगच्या मिन्झू विद्यापीठातला उइगुर अर्थतज्ज्ञ. २००६ साली त्याने एक संकेतस्थळ काढलं, तेही चिनी भाषेत, म्हणजे हान वाचकाने वाचावं म्हणून. स्वतंत्र देश मागत नव्हता तो. चीनच्याच कायद्यात लिहिलेली स्वायत्तता पाळा, उइगुर तरुणांना नोकऱ्या द्या, एवढंच लिहायचा. जानेवारी २०१४मध्ये त्याला उचललं, सप्टेंबरात उरुमचीत दोन दिवस खटला चालवला आणि फुटीरतेबद्दल जन्मठेप दिली. युरोपीय संसदेने २०१९ साली त्याला मानवाधिकारांसाठीचा साखारोव्ह पुरस्कार दिला. तो घ्यायला त्याची मुलगी गेली. माझ्या चिनी ओळखीच्यांपैकी आरटीएलची चूक सगळ्यांना माहीत आहे. तोहतीचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नाही. मला राग येतो तो इथे. परदेशी माध्यमं पक्षपाती आहेत ही तक्रार खरी धरली, तरी तिचा उपयोग उइगुर माणसाचं ऐकावं लागू नये म्हणून होतो.

आता भीतीबद्दल, कारण तो तुमचा पहिला तर्क असतो. एप्रिल २००८मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तिबेटवाले आणि चिनी विद्यार्थी समोरासमोर आले. ग्रेस वांग या चिनी मुलीने दोघांना एकमेकांशी बोला म्हणून मध्यस्थी करायला पाहिलं. तिच्या छिंगताओतल्या आईवडिलांचा पत्ता इंटरनेटवर टाकला गेला, त्यांच्या दारावर विष्ठा टाकली गेली, ते घर सोडून लपले. हे सरकारने केलं नव्हतं. तिच्याच वयाच्या लोकांनी केलं होतं. शिवाय 'इथे सगळं वाचायला मिळतं' हेही अर्धवटच. बाहेर आलेला चिनी माणूस बातम्या वाचतो त्या बऱ्याचशा वीचॅट या चिनी अ‍ॅपवर, कारण आई तिथे आहे, शाळेतले मित्र तिथे आहेत. चीनमधल्या नंबरवर काढलेल्या खात्याला तिथली गाळणी म्युनिकमध्येही लागते.

म्युनिक मुद्दाम म्हणते. जागतिक उइगुर काँग्रेस या निर्वासित उइगुरांच्या संघटनेचं मुख्यालय याच शहरात आहे आणि जर्मनीतले सर्वांत जास्त उइगुर इथेच राहतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरच्यांनी २०१७च्या सुमारास त्यांना वीचॅटच्या यादीतून काढून टाकलं, कारण परदेशी नातेवाईक असणं हाच गुन्हा ठरू लागला होता. माझा सहकारी इतकी वर्षं याच शहरात राहतो आणि त्यांच्यातल्या कुणाशी कधी बोलला नव्हता.

बोलला तो २०२२च्या नोव्हेंबरात. २४ तारखेला उरुमचीतल्या एका इमारतीला आग लागून, सरकारी आकड्याप्रमाणे, दहा जण गेले. शहर शंभराहून जास्त दिवस कोव्हिडच्या टाळेबंदीत होतं. शांघायच्या उरुमची रस्त्यावर तरुण कोरे कागद धरून उभे राहिले आणि युरोपातल्या गावोगावी चिनी विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन जमले. हा गेला, कारण त्याच्या आईच्या इमारतीचं दारही बाहेरून बंद केलं होतं. तिथे एका उइगुर बाईने विचारलं, पाच वर्षं तुम्ही कुठे होता? काहींना तो प्रश्न आवडला नाही. आज टाळेबंदीबद्दल बोलूया, असं कुजबुजले. हा मात्र तिच्याशी बोलायला थांबला.

नंतर त्याने मला एक बातमी पाठवली. आगीत गेलेल्यांत एक आई आणि तिची चार मुलं होती. तिचा नवरा आणि मोठा मुलगा आधीपासून कोठडीत असल्याचं परदेशातल्या नातेवाइकांनी पत्रकारांना सांगितलं होतं. ती परदेशी माध्यमातली बातमी होती. कुठल्या, ते त्याने पाहिलंही नव्हतं.

त्यामुळे तो बदलला का, हा तुमचा पुढचा प्रश्न. छावण्यांना शाळा म्हणणं त्याने सोडलं आहे. 'वंशसंहार' हा शब्द त्याला अजून मान्य नाही, त्यावरून आमचं कँटीनमध्ये भांडण होतं. वीचॅटवर तो यातलं अवाक्षर लिहीत नाही, आई चेंगदूत आहे. आणि कुनमिंगच्या अवतरणचिन्हांचा राग तसाच आहे, त्यात मी त्याच्याच बाजूची आहे.