सर्वै बुडालें

रविवार, रात्री

पाडव्यापासून रोज मनाच्या श्लोकांतला एक श्लोक वहीत उतरवते आहे. एकूण २०५ आहेत. आज तेरावा.

मना सांग पां रावणा काय जालें ।
अकस्मात तें राज्य सर्वै बुडालें ।

लिहिताना हात सवयीनं ‘सर्वही’ लिहून गेला. मोठ्यानं वाचला तेव्हा स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “अडखळलीस बघ. सर्वै आहे ते.” भुजंगप्रयात. एक लघू, दोन गुरू, असं चारदा. माझं एक अक्षर जास्त झालं होतं. शाळेत न शिकलेलं वृत्त आईच्या कानात पक्कं बसलं आहे.

मग ‘अकस्मात’पाशी थबकले. रावणाचं राज्य अकस्मात कसलं? आई हातातलं काम ठेवून बोटं मोजायला लागली. मारीचानं सांगितलं. बिभीषणानं सांगितलं, तर लाथाडून लावलं. म्हाताऱ्या माल्यवानानं सांगितलं. मंदोदरीनं सांगितलं. झोपेतून उठवलेल्या कुंभकर्णानंही आधी थोरल्या भावाची कानउघाडणी केली, मग लढायला गेला. पाची बोटं संपली.

उत्तर मला चौथ्या ओळीत सापडलं. ‘बळें लागला काळ हा पाठिलागीं.’ काळ पाठीमागून येतो. समोरून आला असता तर रावणानं त्याच्याशी दोन हात केले असते, तेवढी ताकद त्याच्यात होतीच. इतरांना तो येताना दिसत होता, रावणापुरताच तो अकस्मात होता.

समर्थांच्या हयातीत १६३६ मध्ये निजामशाही संपली. १६५८ मध्ये शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात पोटच्या मुलाच्या कैदेत पडला. बुडणारी राज्यं आसपास दिसत असताना त्यांनी नाव घेतलं रावणाचं. आणि प्रश्न विचारला तो कुठल्या राजाला नाही, मनाला. ‘मना सांग पां.’ हे मला फार लागतं. राज्य नसलेल्या माझ्यासारखीलाही त्यातून सुटका नाही.

इतकी वर्षं हा श्लोक म्हणताना डोळ्यांपुढे दहा तोंडांचा रावणच यायचा. आज ‘सर्वही’ खोडून ‘सर्वै’ लिहिलं आणि मंदोदरी आली. तिनं सांगून पाहिलं होतं. तिचा इंद्रजित गेला, नवरा गेला. त्या ‘सर्वै’मध्ये तीही होती.