तुम्हाला काढलं का, मॅडम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तसे बरेच आहेत, लग्नकार्यात भेटलेल्या मावश्या, जुन्या टीममधली पोरं, बँकेतला माणूस (फॉर्मवर व्यवसाय बदललेला दिसला की तो आधी चष्म्यावरून बघतो), पण प्रश्न एकच, की सतरा वर्षं पुण्यात आयटीत होतीस, डेटाबेस ॲडमिन होतीस, पगार बरा होता, मग ते सगळं सोडून कराडला पॉलिटेक्निकमध्ये पोरांना शिकवायला का आलीस? मोठी माणसं हे आडून आडून विचारतात. सेकंड इयरच्या एका पोरानं पहिल्याच आठवड्यात सरळ विचारलं, "मॅडम, तुम्हाला काढलं का?" वर्ग एकदम चिडीचूप. मला हसायला आलं, कारण इतका स्वच्छ प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

नाही काढलं. पण काढलं नाही म्हणजे मी काहीतरी मोठा त्याग केला असंही समजू नका, तसं कुणी बोललं की मलाच कसंतरी होतं. २००५ ला बीई झाले आणि तेव्हापासून ओरॅकल, म्हणजे कंपन्यांची माहिती टेबलांत साठवणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर. पहिली दहाएक वर्षं खरंच मजा होती, रात्री दोनला फोन आला तरी मजा होती. मग लीड झाले, मग मॅनेजर झाले, आणि मॅनेजर म्हणजे काय तर शिफ्टचा रोस्टर, अप्रेझल, आणि कोण कुणावर रुसलंय ते बघणं. डेटाबेसला शेवटचा हात कधी लावला तेही आठवेना. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तसं आम्ही सासरी कराडला आलो, पंधरा दिवसांसाठी म्हणून आलो ते दोन वर्षं राहिलो. शेजारची मुलगी डिप्लोमाला होती, मोबाईलवर लेक्चर, रेंज गेली की लेक्चर गेलं, ती एक दिवस वही घेऊन आली की काकू हे जॉइन म्हणजे काय ते सांगा ना. पेपरच्या कडेला पेनानं दोन टेबलं काढून ती एकमेकांना कशी जोडतात ते तिला सांगितलं. पहिल्यांदा नाही जमलं, दुसऱ्यांदा थोडं जमलं. त्या रात्री मला झोप लागेना, ती आनंदानं वगैरे नाही हां, आपल्याला हे नीट सांगता येत नाही या रागानं.

२०२२ मध्ये ऑफिसनं परत बोलावलं. वाकडचा पूल आठवला, संध्याकाळी सहाला हिंजवडी फेज थ्रीमधून निघालेली आणि पावणेआठलाही पुलाच्या अलीकडेच असलेली बस आठवली. अर्धं कारण तो पूल आहे, खोटं कशाला बोलू.

पैशाचं पण विचारता म्हणून लगेच सांगून टाकते. पहिलं वर्ष तासिका तत्त्वावर होते, जेवढे तास तेवढे पैसे, दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत काहीच नाही. आता रेग्युलर आहे, तरी पुण्यात हातात यायचे त्याच्या साधारण चौथाई येतात. हे मला परवडलं कारण पुण्यातल्या फ्लॅटचं लोन २०२१ ला संपलं होतं आणि मिस्टरांचं खतांचं दुकान इथलंच. ज्याचा हप्ता चालू आहे त्याला मी सोड म्हणणार नाही, उलट दहादा अडवीन. आणि पात्रतेचं, डिप्लोमाला शिकवायला बीई फर्स्ट क्लास चालतं, डिग्रीला एमई किंवा एमटेक लागतं, आयटीआयला इन्स्ट्रक्टर व्हायचं तर सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा कोर्स असतो. तुमची सतरा वर्षं कुणाला किती मोलाची वाटतील ते मुलाखत घेणाऱ्यावर आहे. माझ्या मुलाखतीत त्यातलं काहीच विचारलं नाही, बीईची मार्कशीट मात्र दोनदा मागितली.

आता खरं सांगायचं ते शिकवण्याचं. मला वाटलं होतं मी खूप काही घेऊन चाललेय. पहिल्याच टर्मला मी इंडेक्स (माहिती पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) कसा निवडतात, एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस ती कुठल्या मार्गानं शोधणार तो आराखडा) कसा वाचतात असलं सगळं काढून बसले, बोर्डभर आकृत्या, आणि मध्ये मध्ये विचारायचे, "समजलं का?" की वर्गातून "होऽऽ मॅडम". किती हुशार बॅच मिळाली म्हणून मी घरी येऊन कौतुक केलेलं आहे. मग पहिली टेस्ट झाली आणि पेपर बघून मी गप्प बसले. समजलं का हा प्रश्नच बिनकामाचा आहे हे मला तेव्हा कळलं, कारण ज्याला समजलं नाही त्याला आपल्याला काय समजलं नाही हेही समजलेलं नसतं, तो बिचारा हो म्हणणारच.

आणि अडत कुठं होतं तर मी जिथं बघतच नव्हते तिथं. या पोरांचं सगळं आयुष्य मोबाईलवर गेलंय, फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नाही. फाइल कुठं सेव्ह केलीस म्हटलं की "कॉम्प्युटरमध्ये". पीडीएफमधून क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) कॉपी करायची तर त्यातली अवतरणचिन्हं वाकडी, शोभेची, आणि डेटाबेसला लागतात सरळ, मग एरर, मग सगळे म्हणणार आमचं मशीन खराब आहे. दोन प्रॅक्टिकल नुसती यात गेली. आता मी पहिल्या दिवशी कॉपी-पेस्ट बंद करते, सेमीकोलन कुठं असतो इथपासून हातानं टाइप करायला लावते, आणि हळू जाते. पाटणकडून, ढेबेवाडीकडून येणारी मुलं सकाळची एसटी चुकली की पहिला तास चुकवतात, म्हणून महत्त्वाचं काही पहिल्या तासाला घ्यायचं नाही हे पण असंच उशिरा शिकले.

दुसरी गोष्ट जास्त लागणारी होती. एका मुलीनं विचारलं, मॅडम, नल इज इक्वल टू नल केलं तर उत्तर खरं का येत नाही? नल म्हणजे टेबलातली न भरलेली जागा, आणि ती शोधायला सतरा वर्षं मी 'इज नल' लिहीत आले, बोटांना सवय, पण का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी पण कुणाला विचारलं नव्हतं. "असंच असतं" म्हणून मी तो तास रेटला. (हे वाक्य मी पुण्यात ज्युनियर लोकांना किती वेळा ऐकवलं असेल.) घरी आले आणि ठरवलं की आता मुळापासून वाचायचं. एडगर कॉड म्हणून आयबीएममध्ये होते, त्यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळी माहिती टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं, तो निबंध अकरा पानांचा आहे. अकरा! ज्या कल्पनेवर माझं घर उभं राहिलं, लोन फिटलं, ती अकरा पानं मी चाळिशीला आल्यावर पहिल्यांदा वाचली. त्यात सुरुवातीलाच मुद्दा असा की डेटा मशीनच्या आत कसा ठेवलाय हे वापरणाऱ्याला माहीत असायची गरजच पडता कामा नये. आणि मी पोरांना सुरुवात कुठून करून देत होते तर मशीनच्या आत काय चालतं तिथून. बरोब्बर उलटं. नलचं उत्तर त्या अकरा पानांत नव्हतं, ते पुढचं प्रकरण आहे, पण एकदा मुळात हात घातला की ते पण सापडलं.

डिलीटची गोष्ट पण सांगते. पुण्यात असताना रात्रीच्या रिलीजमध्ये मी एक डिलीट चालवलं होतं, पहिल्या ओळीवर डिलीट, दुसऱ्या ओळीवर वेअर (कुठले रेकॉर्ड काढायचे ती अट), आणि चालवताना माउसनं सिलेक्ट झाली फक्त पहिली ओळ. बारा रेकॉर्ड जायला हवे होते, स्क्रीनवर आकडा आला काही लाखांचा. कमिट केलं नव्हतं, म्हणजे बदल अजून कायमचा झाला नव्हता, म्हणून वाचले, पण रोलबॅक (केलेला बदल मागे घेणं) व्हायला जो वेळ लागला तेवढा वेळ ते टेबल अडकून बसलं आणि सकाळचं सगळं काम उशिरा सुरू झालं. मग रिपोर्ट लिहायचा असतो, त्यात मी लिहिलं 'ह्यूमन एरर', दोन शब्द, ह्यूमन कोण ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यानंतर त्यावर कुणी कधी बोललं नाही, मी तर नाहीच नाही.

तर वर्गात मी ठरवलं की हे लपवायचं नाही, करूनच दाखवायचं. लॅबमध्ये पोरांसमोर टेबल भरलं, ऐटीत वेअर न लावता डिलीट मारलं, सगळं साफ, आणि म्हटलं घाबरू नका, आता बघा, आणि रोलबॅक दिलं. काहीच परत आलं नाही. परत दिलं. तरी नाही. मागून कुणीतरी "ग्येलं" म्हणालं आणि हशा. झालं असं की आमच्या लॅबच्या जुन्या मशीनवर ओरॅकल नव्हतं, मायएसक्यूएल होतं, आणि त्यात ऑटोकमिट आधीपासूनच चालू असतो, म्हणजे तुम्ही एंटर मारला की ते कायमचं झालं, रोलबॅकला परत आणायला काही शिल्लकच नाही. मला हे माहीत नव्हतं का? होतं. हाताला माहीत नव्हतं. त्या दिवशी तो तास मी तसाच पुढे चालवला, ऑटोकमिट म्हणजे काय, स्टार्ट ट्रान्झॅक्शन का लिहायचं (मग कमिट देईपर्यंत बदल मागे घेता येतो), डिलीटच्या आधी त्याच वेअरनं सिलेक्ट करून कुठले रेकॉर्ड येतात ते का बघायचं, आणि त्या टर्मच्या ओरलला एक्स्टर्नलनी काहीही विचारलं तरी ट्रान्झॅक्शन कुणाचं चुकलं नाही. पगारवाढ मिळाली तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं, आणि ती मिळायची तरी, इथं तोही प्रश्न नाही.

पुस्तकात उदाहरणं एम्प्लॉयी आणि डिपार्टमेंटची असतात. आमच्या पोरांनी डिपार्टमेंट बघितलंय कुठं, त्यांनी बघितलीय गावातली दूध संस्था. म्हणून मी उदाहरण दुधाचं घ्यायला लागले. सभासद नंबर, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग), दर, दहा दिवसांनी बिल. सभासदाचं नाव आणि बँकेचा खातेनंबर रोज दोन वेळा कशाला लिहायचा, तो वेगळ्या रजिस्टरात एकदाच लिहू, झालं की नॉर्मलायझेशन, हे पाच मिनिटांत गेलं. नल पण इथंच सुटला. फॅट मशीन बंद पडली म्हणून लिटर लिहिले पण फॅट लिहिता आली नाही, तर तिथं शून्य लिहायचं का? "शून्य लिव्हलं तर मार खाईल की सेक्रेटरी," एक जण म्हणाला. बरोबर, कारण सरासरी काढताना शून्य धरला जातो आणि बिचाऱ्याचा दर पडतो, नल असेल तर डेटाबेस ती नोंद सरासरीत धरतच नाही. आणि दोन दिवस मशीन बंद होती तर दोन्ही दिवसांची फॅट सारखी होती असं म्हणता येईल का? नाही ना, माहीतच नाही. म्हणून नल आणि नल सारखे आहेत असं म्हणता येत नाही, आणि वेगळे आहेत असंही नाही. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती तोवर थर्ड इयरला गेली होती, तिला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं. तिचं सबमिशन होतं, ती "हो मॅडम" म्हणून पळाली.

तर प्रायमरी की, म्हणजे जिच्यावरून टेबलातली प्रत्येक नोंद वेगळी ओळखता येते ती. मी बोर्डवर लिहिलं, सभासद नंबर अधिक तारीख. एक हात वर. "मॅडम, दूध दोन टायमाला घालत्यात." सकाळ-संध्याकाळ घातलं. दुसरा हात. "गायीचं न् म्हशीचं वेगळं असतंय, फॅट वेगळी, दर वेगळा." तेही घातलं, आता कीमध्ये चार कॉलम. मला वाटलं संपलं. मागच्या बाकावरचा एक, त्याचे वडील संस्थेत सेक्रेटरी आहेत, तो म्हणाला, "आणि एकाच घरातल्या दोन किटल्या वेगवेगळ्या मापल्या तर?" मला उत्तर सुचेना. अर्धा तास वर्गात भांडण, कोण म्हणतंय एकत्र मापा, कोण म्हणतंय किटलीला नंबर द्या, मी खडू हातात घेऊन नुसती उभी. सतरा वर्षांत एका टेबलाच्या कीसाठी मी इतका वेळ कधी दिला नव्हता, तिथं ते डिझाइन दुसरीच टीम करून पाठवायची.

पुढे पालक मेळाव्याला ते सेक्रेटरी आले. पोरानं घरी सगळं सांगितलेलं असणार, कारण त्यांनी नमस्कार केला आणि खिशातून पावतीपुस्तकच काढलं. "मॅडम, प्रत्येक मापाला पावती निघती, तिच्यावर नंबर असतोय की. तुम्ही एवढं कशाला डोकं लावत बसला?"

मी पावती हातात घेतली. खरंच नंबर होता. म्हटलं, "हा नंबर रोज एकपासून सुरू होतो का पुढं चालू राहतो?"

ते थांबले. पुस्तक परत घेतलं, दोन पानं मागं उलटली, पुढं उलटली. "ते जरा बघून सांगतो," म्हणाले.