सावंतवाडी ते ओल्ड गोवा, पायी

बांदा मागे पडलं, पत्रादेवीला गोव्याची हद्द लागली आणि चौपदरी महामार्गावर सावली संपली. संत फ्रान्सिस झेवियरच्या, म्हणजे आमच्या सायबाच्या, फेस्ताला (सणाला) आम्ही कॅथलिक दरवर्षी चालत जातो. २०२४ला दहा वर्षांनी येणारं त्यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शनही होतं, त्यामुळे माणसं कितीतरी जास्त. हातात जपमाळ, मागून सामानाचा टेम्पो.

त्याआधी ऑक्टोबरमध्ये या अवशेषांच्या डीएनए चाचणीच्या मागणीवरून गोवा ढवळून निघाला होता. धारगळजवळ आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराने विचारलंच, “अंकल, ते शरीर सायबाचंच कशावरून?”

प्रश्न रास्त होता. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळ सांच्वान बेटावर ते वारले. मांस लवकर झडावं म्हणून चुना घालून पुरलं; काही महिन्यांनी उकरलं तर शरीर शाबूत. मग मलाक्का, आणि १५५४च्या मार्चमध्ये गोवा. १६१४मध्ये उजवा हात कापून रोमला नेला. इतका सलग माग फार थोड्या संतांचा लागतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर तर एकाहून जास्त ठिकाणी दाखवतात!

“आणि उद्या कुणी खोटं ठरवलं तर?”

वाईट वाटेल, खूप वाटेल. पण श्रद्धा हलणार नाही. अरे, आपला धर्म उभा आहे तो रिकाम्या कबरीवर. येशू मेलेल्यांतून उठला, त्याचं शरीर जगात कुणाकडेच नाही. त्याच्या शिष्याने, थोमाने, जखमा बघायला मागितल्या, प्रभूने दाखवल्या, आणि धन्य म्हटलं ते न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना. तोच थोमा पुढे भारतात आला असं आपण मानतो.

पोरगा म्हापशापर्यंत गप्प होता. पटलं की नाही, मी विचारलं नाही.

ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये रांग पेटीपाशी पोचली की थांबता येत नाही. काचेआड काळवंडलेला, सुकलेला चेहरा आणि पावलं दिसली. मला त्यात चमत्कार शोधावासा वाटला नाही. या पावलांनी माणूस किती फिरला, एवढंच मनात आलं, आणि आजारी बहिणीसाठी प्रार्थना केली.

एरवी हे अवशेष बॉम जेझूच्या बॅसिलिकात चांदीच्या पेटीत, संगमरवरी समाधीवर इतके उंच असतात की खालून शरीर धड दिसतही नाही. तरी दर डिसेंबरला रस्ता भरतो. पुढचं दर्शन २०३४ला. मी त्याआधीच्या प्रत्येक फेस्तालाही चालणार आहे.