प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं

घरातल्या मारहाणीची एखादी बातमी आली की लोक दोनच प्रश्न विचारतात, ती बोलली का नाही आणि पोलीस काय करत होते. मला दरवेळी वाटतं, मधली एवढी सगळी माणसं कुठे गेली? शेजारच्यांनी भिंतीपलीकडचा आरडाओरडा ऐकलेला असतो, दवाखान्यात "पाय घसरला" म्हणून दोनदा टाके घातलेले असतात, मुलगा वर्गात झोपतो म्हणून शिक्षिकेने वहीत शेरा मारलेला असतो, ऑफिसात तिच्या सुट्ट्यांवरून कुजबुज चालू असते, पोलिसांकडे कधीतरी एक फोन येऊन गेलेला असतो. प्रत्येकाला थोडंथोडं माहीत असतं आणि ते सुटं सुटं इतकं किरकोळ दिसतं की कोणीच काही करत नाही.

म्हणून मला जनजागृती म्हणजे नुसती पोस्टरं आणि भाषणं वाटत नाहीत. दरवर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर अशी १६ दिवसांची जागतिक मोहीम असते, १९९१ पासून चालू आहे, आणि तिच्यामुळे हा विषय उघडपणे बोलला जायला लागला हे खरंच आहे. पण पोस्टर वाचून एखादीने हिंमत करून फोन केला तर पुढे तिला कोण कुठे नेणार, हे आधी ठरलेलं नसेल तर तिची हिंमत वाया जाते, आणि ती परत फोन करेलच असं नाही.

हे ठरवून ठेवायचं काम १९८१ साली अमेरिकेतल्या डुलुथ या शहरात झालं. पोलीस, वकील, कोर्ट, निवारागृह चालवणाऱ्या बायका सगळे एकत्र बसले आणि कोणी काय करायचं ते लिहून काढलं. त्यातला मला सगळ्यात पटलेला मुद्दा म्हणजे तक्रार करायची की नाही हे ठरवायचं ओझं तिच्या डोक्यावरून काढलं, म्हणजे "तुला तक्रार करायचीय का" असं नवऱ्यासमोर विचारून तिला कात्रीत पकडायचं नाही, मारल्याचा पुरावा दिसला तर पोलिसांनी स्वतःहून कारवाई करायची.

मग २००३ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला आणखी एक पद्धत सुरू झाली. ज्यांच्या जिवाला जास्त धोका आहे अशा केसेस घेऊन पोलीस, आरोग्य खातं, घरांचं खातं, मुलांसाठी काम करणारे असे सगळे ठरावीक दिवशी एका टेबलाशी बसतात आणि आपापल्याकडची माहिती समोर ठेवतात. ती स्वतः त्या बैठकीत नसते, पण तिच्या बाजूने बोलणारी प्रशिक्षित कार्यकर्ती असते, आणि मारणाऱ्याला या बैठकीचा पत्ता लागू देत नाहीत. दवाखान्याचा एक कागद आणि पोलिसांचा एक फोन शेजारी शेजारी ठेवले की चित्र एकदम बदलतं बघा.

गळा दाबण्याचंच घ्या. कित्येकदा बाहेरून वळसुद्धा दिसत नाही, त्यामुळे "झालं भांडण, मिटलं" म्हणून सोडून देतात. पण ट्रेनिंग घेतलेली नर्स आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांत लाल ठिपके आलेत का हे बघते आणि सोबत आलेल्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवते, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत असतो. अमेरिकेत २००८ साली आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच्याच हातून तिचा खून होण्याची शक्यता सात पटींहून जास्त असते. ही गोष्ट नर्सला माहीत आणि पोलिसाला माहीत नसेल, तर त्या माहितीचा काय उपयोग?

आणि ही साखळी फक्त सरकारी लोकांची नाहीये. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात २०१७ पासून केस कापणाऱ्यांना लायसन्ससाठी या विषयाचं एक तासाचं ट्रेनिंग घ्यावं लागतं. उपटलेल्या केसांची जागा, कानामागचं काळंनिळं त्यांनाच आधी दिसतं, आणि खुर्चीत एकटी बसलेली बाई मोकळं बोलते. त्यांनी केस सोडवायची नसते, फक्त न घाबरता ऐकायचं आणि कुठे जायचं ते सांगायचं. पुरुषांनाही मार खावा लागतो, ते तर कोणाला सांगतच नाहीत, त्यांच्यासाठीही असा कोणीतरी विचारणारा हवा.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते. एकत्र काम म्हणजे सगळ्यांनी मिळून दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढायची असं काही ठिकाणी समजतात, "भांड्याला भांडं लागतंच" म्हणतात आणि तिला परत पाठवतात. तिथे ती खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याचा हिशोब होतो. तसंच तिचा नवीन पत्ता, मुलांची शाळा, फोन नंबर हे जेवढ्यांना गरज आहे तेवढ्यांनाच कळलं पाहिजे, कारण ती घर सोडते तेव्हाचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात आणि चांगल्या मनाने सांगितलेला पत्तासुद्धा त्याच्यापर्यंत पोचतो.

तुमच्या ओळखीत कोणी असेल तर "अजून का राहतेस तिथे" असं विचारू नका प्लीज. ती एकटी असताना विचारा की आत्ता घरी जाणं सेफ आहे का. मेसेज करू नका, फोन तो तपासत असू शकतो. आणि तुमच्या भागातली हेल्पलाइन कुठली, रात्री उचलतात का, राहायची सोय कोण करतं हे आजच शोधून ठेवा, तिने विचारल्यावर शोधायला बसलात तर तेवढा वेळ तिच्याकडे नसतो.