व्हॅल्डीझचा आठवडा: हेलिकॉप्टरने वर, स्नोबोर्डवरून खाली

अलास्कातल्या व्हॅल्डीझमध्ये सात दिवसांपैकी तीन दिवस आम्हाला उडायला मिळालं. हे सगळ्यात आधी सांगते, कारण हेलिकॉप्टरने डोंगरमाथ्यावर जायचं आणि स्नोबोर्डवरून खाली उतरायचं म्हटलं की डोळ्यांसमोर निळंशार आकाशच येतं. उरलेले चार दिवस आम्ही खिडकीशी बसून ढग वर सरकतात का ते बघत होतो. जायचा विचार असेल तर किमान आठवडा हाताशी ठेवा. दोन-तीन दिवसांसाठी एवढ्या लांब जाऊ नका.

मी मूळची नाशिकची, गेली काही वर्षं सिएटलजवळ राहते. बोर्डवर उभं राहायला शिकले ती तिकडच्याच माउंट बेकरच्या स्की-केंद्रात. दादा अँकरेजला नोकरीला, त्यामुळे अलास्काचा बेत ठरला. तो स्कीवाला, मी बोर्डवाली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो. तिथला हंगाम फेब्रुवारीअखेर ते एप्रिलअखेर असा असतो. आधी गेलात तर दिवस फार लहान मिळतो. मार्चच्या शेवटी मात्र बारा तासांहून जास्त उजेड असतो आणि तो रोज पाचेक मिनिटांनी वाढतो. सकाळी ढग असले तरी दुपारी उडायची आशा राहते, ती यामुळेच.

अँकरेज ते व्हॅल्डीझ साधारण ४८० किलोमीटर. वाटेत मटानुस्का हिमनदी दिसते, पुढे ग्लेनॲलन लागतं. तिथे टाकी भरून घ्या, कारण त्यानंतर बराच वेळ मोबाइलला रेंज नाही आणि रस्त्यावर माणूस नाही. बर्फाचे टायर हवेतच. व्हॅल्डीझच्या अलीकडे थॉम्पसन पास ही खिंड आहे. उंची फक्त ८१६ मीटर, म्हणजे आपल्या माथेरानएवढी. पण १९५२-५३ च्या हिवाळ्यात याच खिंडीत जवळजवळ २५ मीटर बर्फ पडल्याची नोंद आहे. हा आकडा मी दोनदा वाचला. अलास्काच्या आखातावरून ओले वारे येतात, चुगाच पर्वताच्या भिंतीवर आदळतात, वर चढतात आणि थंड होतात. पावसाळ्यात आपल्या घाटमाथ्यावर होतं तेच हे, फक्त पाण्याच्या जागी बर्फ. समुद्राजवळचा हा बर्फ जरा ओलसर असतो, म्हणून उभ्या कड्यालाही धरून राहतो. इतर ठिकाणी जिथे नुसता कातळ उघडा पडला असता, तिथे इथे पन्नास अंशांच्या उतारावरही जाड थर बसलेला दिसतो. १९९१ साली एक्स्ट्रीम स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा इथे भरली, ती या चिकट बर्फामुळेच.

पहिले दोन दिवस ढगांत गेले. गावातलं संग्रहालय जरूर बघा. २७ मार्च १९६४ च्या भूकंपात जुन्या व्हॅल्डीझचा बोटी लागायचा धक्का त्यावरच्या माणसांसकट समुद्रात गेला, आणि नंतर सगळं गाव काही किलोमीटर दूर, पक्क्या जमिनीवर हलवलं. आज आपण राहतो ते हे दुसरं गाव. हे कळल्यावर तिथली माणसं डोंगराविषयी एवढं जपून का बोलतात, ते मला समजलं.

या थांबलेल्या दिवसांतच आमची तयारी करून घेतली गेली. प्रत्येकाच्या अंगावर बीकन. हे यंत्र सतत ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडत राहतं, आणि कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर बाकीचे आपली यंत्रं शोधण्याच्या बटणावर टाकून त्याचा माग काढतात. त्याशिवाय फावडं, बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब जोडकाठी, पाठीवर हिमस्खलनात फुगणारी एअरबॅगची सॅक आणि कमरेला पट्ट्यांचा हार्नेस. हार्नेस कशाला, हे मी विचारलं. हिमनदीच्या भेगेत पडलात तर दोर कुठे अडकवायचा, असा उलट प्रश्न आला. गाइडने पार्किंगमागच्या बर्फात एक बीकन पुरलं आणि आम्हाला शोधायला लावलं. मला पहिल्यांदा सहा मिनिटं लागली. ती म्हणाली, "गाडलेल्या माणसाकडे दहा-पंधरा मिनिटंच असतात, आणि तुला अजून खणायचं आहे." मग मी तेच पाच वेळा केलं. हा सराव घरूनच करून जा. फोन बीकनपासून लांब ठेवा आणि बंद ठेवा, त्याच्यामुळे संदेशात गडबड होते. बॅटरीवर तापणारे हातमोजेही तसेच, ते नेऊच नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आभाळ मोकळं झालं.

हेलिकॉप्टर लहान असतं. पायलट, गाइड आणि आम्ही चौघं. पायलट प्रत्येकाचं सामानासकट वजन विचारतो, तिथे संकोच न करता खरं सांगा, कारण कोणाला कुठे बसवायचं ते त्यावर ठरतं. शेपटीकडे कधीही जायचं नाही, मागचं पातं फिरताना दिसत नाही. जायचं ते पुढून, वाकून, पायलट आपल्याला बघतोय याची खात्री करून. बोर्ड खांद्यावर घ्यायचा नाही, कमरेच्या उंचीला आडवा धरायचा. टोपी उडाली तर उडू द्यायची. वर पोहोचलं की सामानाचा ढीग करायचा, त्याभोवती गुडघ्यावर बसायचं आणि सगळं हाताखाली दाबून धरायचं. मग हेलिकॉप्टर उठतं, बर्फाचा झोत मानेतून आत शिरतो आणि नाकात रॉकेलचा वास येतो. विमानाचं इंधन म्हणजे एक प्रकारचं रॉकेलच. त्या निर्जन शिखरावर मला आजीच्या स्टोव्हची आठवण झाली. मिनिटभराने आवाज दरीत विरून गेला, आणि आपण किती लांब आलोय ते त्या शांततेत कळलं.

उतरलो ती जागा आमच्या हॉलएवढी होती, दोन्ही बाजूंनी धार पडलेली. बोर्डवाल्यांनी इथे विशेष सांभाळायचं. स्कीवाले उभ्या उभ्या बूट अडकवतात, आपल्याला बसावं लागतं. आधी टाचेने आणि फावड्याने छोटा ओटा खणून घ्या, मगच बोर्ड खाली ठेवा, आणि ठेवाल तेव्हा उलटा, बाइंडिंग (बूट अडकवायच्या पट्ट्या) बर्फात रुतवून. सुटा बोर्ड एकदा घसरला की तो थेट हिमनदीवर. पट्ट्यांच्या दातांत बर्फ घट्ट होतो, तो साफ करायला जुना टूथब्रश खिशात ठेवा.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. सह्याद्रीत आपण नळीची वाट चढतो तेव्हा सहा-सात तासांत तो डोंगर हातापायांना कळत जातो. घसारा कुठे आहे, कुठला दगड हलतो, पाणी कुठून येतं, सगळं. उतरताना ती ओळख कामाला येते. हेलिकॉप्टर तुम्हाला चार मिनिटांत वर नेतं आणि ती ओळख होऊच देत नाही. माथ्यावर उभं राहिलं की उतार पोट काढून खाली वळलेला असतो, पुढचं काही दिसत नाही. कडा आहे की नाळ, सांगता येत नाही. म्हणून ओळख करून घ्यायची ती वर जाताना, काचेला नाक लावून. पायलट उतरायच्या आधी बहुतेक वेळा उताराच्या समोरून जातो, तेवढ्यात खुणा पाठ करा. मी तीन ठरवायचे: एक दगड, एक सोंड आणि शेवटी गोळा व्हायची जागा. गाइडला परत विचारा, "तो दगड माझ्या डाव्या हाताला ठेवायचा ना?" विचारायला लाजू नका. पहिल्या दिवशी मी लाजले आणि अर्धा उतार नुसती घाबरून उतरले.

पहिला उतार मुद्दाम सौम्य, तीसेक अंशांचा होता. गाइड आपल्याला जोखत असते. एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी सांगितलेल्या जागी थांबायचं. बर्फ गुडघ्याच्या वर होता. त्यात वळण घेताना बोर्ड काही क्षण बर्फाखाली जातो आणि पाय आपले आहेत असं वाटत नाही. बाइंडिंग थोडी मागे सरकवून घेतली होती, त्याचा फार उपयोग झाला.

चूक झाली ती खाली. हिमनदीचा सपाट भाग आला, मी वेग सोडला आणि अडकले. अशा वेळी माउंट बेकरला मी सरळ एक पाय सोडवून ढकलत जाते. हात पट्टीला गेला तोच रेडिओवर आवाज आला, "बोर्ड काढू नकोस! आहेस तिथेच थांब." हिमनदीत भेगा असतात आणि त्यांवर बर्फाचे पूल. रुंद बोर्डवर वजन पसरतं, मोकळा पाय मात्र थेट आत जाऊ शकतो. दादा त्याच्या रेषेवरून हळूहळू माझ्यापर्यंत आला.

"अगं, पट्टी सोडली नाहीस ना?"

"नाही रे दादा, हात लावला होता फक्त."

तो काही बोलला नाही. काठीचं टोक माझ्या हातात दिलं आणि ओढत नेलं, साधारण ऐंशी पावलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. बोर्डवाल्यांनो, घडीच्या काठ्या सॅकमध्ये न्याच, आणि सपाटी कुठे सुरू होते ते आधी विचारून वेग राखा.

चौथा आणि पाचवा दिवस पुन्हा ढगांचा. ऊन नसलं की वरचं आकाश आणि खालचा बर्फ एकाच रंगाचे होतात, खड्डा-उंचवटा कळत नाही, पायलटलाही नाही. त्यामुळे "थोडे तर ढग आहेत" असा हट्ट करू नका. सहाव्या आणि सातव्या दिवशी मात्र लख्ख ऊन पडलं. शेवटच्या दिवशी चाळीस अंशांची एक लांब सोंड मिळाली. अशा उतारावर वरचा सुटा बर्फ आपल्याबरोबर खाली वाहायला लागतो, त्याला स्लफ म्हणतात. त्याच्यापुढे पळायचं नाही. दोन-तीन वळणांनंतर बाजूला, सोंडेच्या माथ्यावर सरकायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. मी सरकले. शेजारून पांढरी नदी सरसर आवाज करत गेली. दगड डाव्या हाताला आला, तसाच, जसा काचेतून पाठ केला होता. तिथे वळले आणि खालपर्यंत थांबले नाही. त्या दोन मिनिटांचं सुख मला अजून नीट सांगता येत नाही.

पैशांचं: एका दिवसाला हजार डॉलरच्या वरच धरा. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी घ्या: न उडालेल्या दिवसाचे पैसे परत मिळतात का, हिशोब उड्डाणाच्या वेळेवर आहे की उतारांच्या संख्येवर, आणि गट कसे लावतात. सुटकेचा खर्च भरणारा विमा वेगळा काढा, साध्या प्रवासविम्यात हे बहुधा नसतं. कुठल्याही बर्फात, कुठल्याही काळ्या खुणेच्या, म्हणजे अवघड उतारावर बोर्डच्या दोन्ही कडांनी आत्मविश्वासाने उतरता येत नसेल तर एक हंगाम थांबा. खायला मी शेंगदाण्याचे लाडू नेले होते. बाहेरच्या खिशातले दगड झाले, आतल्या खिशातले शेवटपर्यंत मऊ राहिले.

परतीचं विमान दोन दिवस उशिराचं काढा, कारण हा एकच रस्ता आहे. जानेवारी २०१४ मध्ये कीस्टोन कॅन्यनमध्ये हिमस्खलनाने नदी अडली, रस्त्यावर तळं झालं आणि व्हॅल्डीझला जायचा रस्ता तुटला. आम्ही निघालो त्या सकाळी खिंड उघडी होती. वर्थिंग्टन हिमनदीपाशी दादाने गाडी थांबवली, दुर्बीण काढली आणि बराच वेळ डोंगर शोधत राहिला. रात्री वारा होता, बऱ्याच रेघा पुसल्या होत्या.

"ही बघ, ही तुझी," त्याने दुर्बीण माझ्याकडे दिली. "दगडापाशी वळलीयेस ना, ती."