भाषा निवडा

ब्रसेल्सला आल्यापासून सरकारी कामासाठी जी वेबसाइट उघडावी, ती आधी भाषा विचारते. बेल्जियमच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर डच, फ्रेंच, जर्मन आणि इंग्लिश हे चार पर्याय कायम वरच्या कोपऱ्यात असतात. यातले जर्मन बोलणारे लोकसंख्येच्या जेमतेम एक टक्का. पूर्वेकडच्या 9 नगरपालिकांत मिळून त्यांचा सगळा पसारा. तरी त्यांना इन्कम टॅक्सचा फॉर्म जर्मनमध्ये भरता येतो. पुण्या-हैदराबादच्या मित्रांना यात विशेष काही वाटत नाही. ते इंग्लिशवर बोट ठेवतात आणि पुढे जातात. मी बेळगावचा. ते जर्मनचं बटण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फॉर्म तसाच उघडा टाकून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

आत्ता हे लिहायला बसलो ते बाबांच्या उताऱ्यामुळे. आजोबांच्या पश्चात खानापूरच्या शेताला वारसा लागला आणि नवा उतारा निघाला. सेवाकेंद्रातल्या मुलानं प्रिंट हातात दिली, बाबांनी तिचा फोटो मला पाठवला आणि मागोमाग व्हॉइस मेसेज: "नऊ नंबराच्या कॉलमात काय लिवलंय ते बघ की जरा. आम्हा तिघा भावांची नावं बरोबर पडल्यात काय?" बाबा मराठी शाळेत शिकले. बाजारात, बसमध्ये, सोसायटीत कन्नड घडाघडा बोलतात, पण वाचता येत नाही. स्वतःच्या जमिनीच्या कागदावर स्वतःचं नाव कुठे आहे, हे त्यांना सात समुद्रापलीकडच्या मुलाला विचारावं लागतं. उतारे संगणकावर आणण्यात कर्नाटक देशात अगदी पुढे होतं, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानानं सांगतो. घरबसल्या सर्व्हे नंबर घातला की एकर-गुंठ्यांसकट सगळं समोर येतं. फक्त ते कन्नडमध्ये येतं. अर्जांच्या पोर्टलवर इंग्लिश असतं, मराठी नसतं.

मलाही कन्नड अडखळतच वाचता येतं, म्हणून फोनमधल्या भाषांतराच्या ॲपसमोर तो फोटो धरला. क्षेत्र बरोबर आलं, आकार बरोबर आला. नावांची मात्र वाट लागली. मधल्या काकांच्या नावातल्या 'ळ'चा 'ल' झाला, कारण मजकूर मध्येच कुठेतरी इंग्लिशमधून फिरून येतो. हा फरक किरकोळ नाही. आधारवर एक आणि उताऱ्यावर दुसरं नाव असलं की पीककर्जापासून सगळं अडतं. चूक कागदातली की ॲपमधली, हे बाबांना कळणार कसं?

मग फोटोतून उचललेला कन्नड मजकूर 'अक्षरमुख'मध्ये टाकला. हे फुकट साधन भाषांतर करत नाही, फक्त लिपी बदलतं. तिन्ही नावं देवनागरीत जशीच्या तशी उतरली, 'ळ'सकट. कागद बरोबर होता.

हे इतकं सोपं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. भारतीय लिप्या संगणकावर साठवण्यासाठी इस्की नावाचं मानक ठरलं, त्याची 1991 ची आवृत्ती आजही सापडते. आज जगभर संगणकावर चालणाऱ्या युनिकोड या मानकानं आपले अक्षरांचे तक्ते त्याच धर्तीवर आखले. देवनागरीचा आणि कन्नडचा तक्ता शेजारी ठेवून पाहा. संगणकाच्या सोळाच्या पटीतल्या (षोडशमान) मोजणीत 'क' दोन्हीकडे 15 क्रमांकाच्या घरात, 'ळ' दोन्हीकडे 33 च्या घरात. भारतीय भाषांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर तर 'क' दोन्ही भाषांत एकाच बटणावर येतो. म्हणजे उताऱ्यावरची नावं देवनागरीत दाखवायला ना भाषांतरकार लागतो, ना मोठं बजेट. ज्यांनी हे मानक आखलं त्यांनी आपली अर्धी सोय तेव्हाच करून ठेवली आहे. हवं आहे फक्त एक बटण.

आता लगेच कोणी म्हणेल, कर्नाटकात राहता ना, मग कन्नड शिका. शिकायला नाही कोण म्हणतं? मी इथे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन डच शिकलो, तसं बेळगावात माझ्या पिढीतल्या बहुतेकांना कन्नड बोलता येतंच. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लिपी शिकून ये, मग तुझ्या जमिनीचा कागद वाच, असं सांगणं बरोबर नाही. आणि ही काही मेहेरबानी मागणं नव्हे. जिथे एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे 15 टक्क्यांच्या वर आहेत, तिथे महत्त्वाच्या नोटिसा, नियम त्या भाषेतही द्यावेत, हे केंद्रानं राज्य पुनर्रचनेच्या वेळीच मान्य केलंय. भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा अधिकारी तर घटनेतच आहे, कलम 350 ब. आमच्या खानापूर-बेळगावात मराठी किती, हे मोजायला लांब जायला नको.

बेल्जियमचं कौतुक करतोय म्हणून इथे सगळं गोड आहे असं समजू नका. 1962-63 मध्ये कायद्यानं भाषेची सीमा आखली गेली. ब्रसेल्सहून गाडी डचभाषक फ्लँडर्समध्ये शिरली की फ्रेंच घोषणा बंद होतात. ब्रसेल्सला लागून 6 नगरपालिका अशा आहेत की तिथल्या फ्रेंच भाषकांना कागद फ्रेंचमध्ये मिळण्याचा हक्क आहे, पण 1997 च्या एका परिपत्रकानं तो दर वेळी नव्यानं मागायला लावला. माझी एक सहकारी अशाच ठिकाणी राहते. आधी डचमध्ये पत्र येतं, मग ती अर्ज करते, मग फ्रेंच प्रत येते. पुढच्या पत्राला पुन्हा तेच. तिची ही चिडचिड ऑफिसातल्या बाकीच्यांना नीटशी कळत नाही. मला कळते.

आणि एका बाबतीत आपण यांच्या फार पुढे आहोत. बेळगावच्या गणपत गल्लीत आई मराठीत साडी मागते, मालक कन्नडमध्ये गड्याला वरच्या फळीवरून काढायला सांगतो, भाव हिंदीत ठरतो आणि कोणाचं काही अडत नाही. इथे मी अशी माणसं पाहिलीत जी दुसऱ्याची भाषा शाळेत शिकलीत, तरी काउंटरवर तोंड उघडत नाहीत. आमच्या दुकानदाराला जे सहज जमतं, ते सरकारी पोर्टलला का जमू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बाबांना तिन्ही नावं देवनागरीत टाइप करून पाठवली. "बरोबर हाय," एवढंच उत्तर आलं. आता चुलतभावाला अक्षरमुख कसं वापरायचं ते दाखवलंय. गल्लीतल्या आणखी दोघांचे उतारे त्यानं आणून ठेवलेत. ज्यांच्या घरी असा कागद न वाचता पडून आहे, त्यांनीही आधी नऊ नंबरचा कॉलम तपासून घ्या, आणि 11 नंबरचाही, बोजा तिथे चढतो.