पेनिसिलिनवाल्या बुरशीचं दुसरं शस्त्र

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, त्यामुळे पेनिसिलियम बुरशी म्हटलं की आपल्याकडे पेनिसिलिनच आठवतं. पण पेनिसिलिन बॅक्टेरियाची भिंत बांधू देत नाही, दुसऱ्या बुरशीला त्याचं काहीच वाटत नाही कारण तिची भिंत वेगळ्याच मालाची असते. मग शेजारी येऊन तेच अन्न खाणाऱ्या बुरशीचं काय करायचं? त्यासाठी पेनिसिलियम क्रायसोजेनम पीएएफ नावाचं प्रोटीन बाहेर सोडते, फक्त ५५ अमिनो ॲसिडचं! तीन डायसल्फाइड बंधांनी (म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधल्या जोडांनी) त्याची अशी घट्ट गाठ बसते की उष्णतेला किंवा प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना ते सहज दाद देत नाही.

आमच्या लॅबमध्ये ॲस्परजिलस नायजर ह्या काळ्या बुरशीच्या प्लेटवर पीएएफ लावलेली छोटी डिस्क ठेवली होती. दोन दिवसांनी सगळीकडे काळं आणि डिस्कभोवती मात्र स्वच्छ गोल. कडेचा तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला तर एरवी लांबच लांब सरळ पळणारे ते धागे आखूड, जाड, जागोजागी फांद्या फुटलेले, म्हणजे पुढे जायची वाटच हरवली होती. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

होतं असं की पीएएफ बुरशीच्या पेशीत शिरतं, आतलं कॅल्शियम एकदम वाढतं, धाग्याचं टोक कुठे वाढवायचं हे ठरवणारा सगळा कारभार बिघडतो आणि शेवटी पेशी स्वतःहूनच मरते. ॲस्परजिलस जायगँटियस ह्या दुसऱ्या बुरशीचं एएफपी नावाचं प्रोटीन (५१ अमिनो ॲसिड) हे ह्याचंच भावंड, पण त्याचा घाव वेगळा, ते बुरशीच्या भिंतीतलं कायटिन तयार होऊ देत नाही आणि पेशीच्या पडद्यालाही भोकं पाडतं. कायटिन म्हणजे खेकड्या-कोळंबीच्या कवचात असतं तेच. आपल्या पेशींत ते नसतंच, म्हणून मला ह्या प्रोटीनांबद्दल एवढी आशा वाटते, कारण बुरशी पेशींच्या रचनेत आपल्या इतकी जवळची आहे की तिला मारणारं आणि आपल्याला न दुखवणारं औषध सापडणं फार अवघड.

अडचणी आहेतच. मीठ जास्त झालं की ह्यांचा जोर कमी होतो, कारण प्रोटीनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि क्षारांमुळे ते बुरशीला नीट चिकटत नाही. चीजमध्ये तर कॅल्शियम भरपूर, तिथे ॲस्परजिलस फ्लेवस, म्हणजे शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी तीच बुरशी, अशा प्रोटीनलाही पुरून उरते. माझ्या पुढच्या प्लेटांमध्ये कॅल्शियम कमी-जास्त करून बघणार आहे.